भोचक की चौकस? इंग्रजी विशेषणांचे आणि क्रियाविशेषणांचे समानार्थी शब्द कसे शिकावेत

कॉलेजात असताना एका सरांच्या निरोप समारंभात इंग्रजीतून बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सर साधे, निर्मळ मनाचे. 'सिंपल' हा शब्द मला फार शाळकरी वाटला, म्हणून समानार्थी शब्दांचा कोश उघडला आणि त्यातला जरा भारदस्त दिसणारा 'सिंपल-माइंडेड' उचलला. भरल्या सभागृहात मी सरांना दोनदा मंदबुद्धी म्हणालो. सर समजूतदार, ते हसले. इंग्रजीच्या मॅडमनी मात्र नंतर गाठून विचारलं, "काय रे, मराठीत भोळा आणि बावळट एकच का?"

तेव्हापासून समानार्थी शब्दांच्या याद्यांवरचा माझा विश्वास उडाला. पुढे स्वतः इंग्रजी शिकवायला लागल्यावर हीच चूक रोज नव्या वहीत भेटू लागली. आजीवरच्या निबंधात एकाने 'ओल्ड'ऐवजी 'ऑब्सोलीट' लिहिलं होतं. म्हणजे आजी कालबाह्य, मोडीत काढायच्या लायकीची! यादीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात, त्याने तरी काय करावं?

केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेत पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे २५ प्रश्न आणि ५० गुण असतात, आणि उत्तर चुकलं की अर्धा गुण जातो. परदेशातल्या उच्च शिक्षणासाठीच्या जीआरईमध्ये सहा पर्यायांतून वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द निवडावे लागतात. एकच बरोबर आला तर काही मिळत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीत लेखनाच्या भागात चौथा हिस्सा गुण शब्दसंपत्तीला असतात. यांपैकी काही द्यायचं असो किंवा ऑफिसातल्या ईमेलमध्ये तेच तेच 'व्हेरी गुड' लिहून कंटाळा आलेला असो, पद्धत एकच. शंभर पानी वही, एक बरी डिक्शनरी आणि रोजची वीस मिनिटं, एवढंच लागतं. इथे इंग्रजी शब्द मी देवनागरीत दिले आहेत. प्रत्येकाचं स्पेलिंग डिक्शनरीतून शोधून वहीत उतरवायचं. हा पहिला गृहपाठ समजा.

पायरी १: आधी आपले झिजलेले शब्द गोळा करा

'ॲडव्हान्स्ड पाचशे शब्द' अशी पीडीएफ डाउनलोड करून सुरुवात करू नका. स्वतः लिहिलेली इंग्रजीची दहाएक पानं काढा, निबंध, ईमेल, काहीही. त्यातली सगळी विशेषणं आणि क्रियाविशेषणं पेन्सिलीने गोल करा. 'गुड', 'बॅड', 'बिग', 'नाइस', 'इम्पॉर्टंट', 'हॅपी', 'व्हेरी', 'रिअली' हीच मंडळी पुन्हा पुन्हा उगवतील. वीस-पंचवीस शब्दांवर आपण सगळा संसार चालवत असतो. त्या प्रत्येकाला वहीत स्वतंत्र दोन पानं द्या. हे झालं घर; आता त्यात माणसं राहायला आणायची.

पायरी २: इंग्रजीच्या आधी मराठीची फूटपट्टी लावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. इंग्रजी शब्दांतला बारीक फरक आपल्याला कळत नाही असं वाटतं, पण तोच फरक मराठीत आपण झोपेतही चुकत नाही. शेजारच्या काकू पगार विचारतात तेव्हा त्यांना आपण जिज्ञासू म्हणत नाही, भोचक म्हणतो. इंग्रजीत 'क्युरिअस' म्हणजे जिज्ञासू, 'नोझी' म्हणजे भोचक, आणि 'इन्क्विझिटिव्ह' मधला; कधी चौकस, कधी भोचकपणाकडे झुकलेला. पैशाचं घ्या. 'थ्रिफ्टी' आणि 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू, 'मायझर्ली' म्हणजे कंजूष, आणि परीक्षेत हमखास भेटणारा 'पार्सिमोनिअस' हाही कंजूषच, पण सुटाबुटातला.

बारीक माणसाची तर दोन्ही भाषांत चंगळ आहे. 'स्लिम' सडपातळ, 'वायरी' काटक, 'लँकी' उंच आणि शिडशिडीत, 'स्क्रॉनी' हाडकुळा, 'गाँट' म्हणजे आजारपणाने किंवा हालअपेष्टांनी गालफडं बसलेला, 'इमेसिएटेड' पार खंगलेला. लग्नाच्या स्थळाबद्दल लिहिताना 'स्लिम'च्या जागी 'गाँट' टाकून बघा म्हणजे कळेल.

म्हणून प्रत्येक घराच्या पानावर आडवी रेघ मारा. डाव्या टोकाला निंदा, उजव्या टोकाला स्तुती. आधी त्या रेघेवर मराठी शब्द बसवा, मग त्यांच्या खाली इंग्रजी. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९४८ साली बीबीसी रेडिओवर या रेघेची गंमत एका वाक्यात केली होती. त्याचा मराठी अवतार असा: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो अडेलतट्टू मूर्ख आहे. वागणं तिघांचं एकच. त्याच्या मुळातल्या वाक्यातले 'फर्म', 'ऑब्स्टिनेट' आणि 'पिग-हेडेड' हे शब्द रेघेवर मांडा, की निम्मं काम झालं.

पायरी ३: शब्दाचा शेजार पकडा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे.

मराठीत काळाकुट्ट म्हणतात, पांढराशुभ्र, हिरवागार, पिवळाधमक, लालभडक म्हणतात. कडूजहर, गोडमिट्ट, आंबटढाण, नवाकोरा, लांबलचक. हिरवाकुट्ट कुणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही याला नियमही नाही. शब्दांचे शेजार ठरलेले असतात. इंग्रजीचंही तसंच: पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', चहा 'स्ट्राँग', इंजिन 'पॉवरफुल'. 'पॉवरफुल टी' व्याकरणाने अगदी शुद्ध आहे आणि तरीही ऐकणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो.

हट्टीच्या घरातली माणसं शेजारासकट अशी लिहा: 'स्टबर्न स्टेन' म्हणजे चिवट डाग, 'ऑब्स्टिनेट चाइल्ड' म्हणजे हेकट मूल, 'पर्सिस्टंट कफ' म्हणजे काही केल्या न हटणारा खोकला, 'टेनेशस ग्रिप' म्हणजे सुटता न सुटणारी पकड, 'डॉगेड डिटर्मिनेशन' म्हणजे नेट न सोडणारा निश्चय. एकटा शब्द वहीत उतरवायचाच नाही, असा दंडक घाला. विशेषण असेल तर नामासकट, क्रियाविशेषण असेल तर क्रियापदासकट किंवा विशेषणासकट. अमरकोश या संस्कृतातल्या जुन्या समानार्थी शब्दांच्या कोशात, तिसऱ्या कांडात, विशेषणांच्या वर्गाचं नावच 'विशेष्यनिघ्नवर्ग' आहे, म्हणजे विशेष्याच्या, ज्या नामाचं वर्णन करायचं त्याच्या, ताब्यातले शब्द. तिथे मुद्दा लिंग-वचनाचा आहे, पण मला तो अर्थालाही तितकाच लागू वाटतो.

शेजार शोधायचा कुठे? लाँगमन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट आहेत आणि त्या शब्दाबरोबर वापराची वाक्यं देतात. 'स्केल' नावाच्या साइटवर शब्द टाकला की तो कुठल्या नामांबरोबर जास्त येतो ते दिसतं. त्याहून खोलात जायचं तर अमेरिकन इंग्रजीतल्या प्रत्यक्ष लिखाण-बोलण्याचा 'कोका' हा संग्रह आहे. त्यात १९९० ते २०१९ या काळातले शंभर कोटींहून जास्त शब्द आहेत. दोन शब्दांत अडकलात की तिथे दोन्ही शोधायचे आणि कुणाबरोबर कोण येतं ते बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

समानार्थी शब्दांचा कोश मात्र शेवटी उघडायचा. या प्रकारातला इंग्रजीतला सर्वांत प्रसिद्ध कोश पीटर रोजे या डॉक्टरने १८५२ साली काढला. त्याने शब्द अकारविल्हे न लावता कल्पनांच्या घरांत बसवले होते. प्रस्तावनेच्या तळटीपेत त्याने आपल्याकडच्या अमरकोशाचा, आणि १८०८ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलेल्या त्याच्या इंग्रजी भाषांतराचा उल्लेख केला आहे. वर त्यातलं वर्गीकरण गोंधळाचं आहे असा शेराही मारला आहे. असो. कोशाचा उपयोग विसरलेला शब्द आठवण्यासाठी असतो. अनोळखी शब्द तिथून उचलून थेट वाक्यात घातला की माझ्या सरांसारखा प्रसंग कुणाच्या तरी वाट्याला येतो.

पायरी ४: ताकद मोजा

'फार काळाकुट्ट' असं आपण म्हणत नाही, कारण कुट्टमध्ये फार आलंच. 'टायर्ड'च्या आधी 'व्हेरी' चालतं. 'एक्झॉस्टेड' आधीच गळून गेलेला आहे, त्याला 'व्हेरी' लावलं की कानाला खटकतं. तिथे 'ॲब्सोल्यूटली' किंवा 'कम्प्लीटली' बसतं. अशा जोड्या करा: 'कोल्ड' आणि 'फ्रीझिंग', 'हंग्री' आणि 'स्टार्व्हिंग', 'अँग्री' आणि 'फ्युरिअस', 'डर्टी' आणि 'फिल्दी', 'सरप्राइज्ड' आणि 'ॲस्टॉनिश्ड'. 'क्वाइट' हा इथला चकवा आहे. ब्रिटिश इंग्रजीत 'क्वाइट गुड' म्हणजे बऱ्यापैकी, पण 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे अगदी अशक्य.

पायरी ५: शब्दाचा पोशाख बघा

नवं घर, नूतन वास्तू, ताजी भाजी. नूतन भाजी मंडईत मागितलीत तर भाजीवाली वर बघेल. एक शब्द घरचा, एक संस्कृतातून आलेला, एक फारसीतून, आणि तिघांच्या जागा वेगळ्या. इंग्रजीतही असेच थर आहेत. तळाला जुना अँग्लो-सॅक्सन. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यावर बसलेला फ्रेंच थर. आणि विद्वानांनी आणलेला लॅटिन-ग्रीक. 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल' हे याच क्रमाने आले. साधारणपणे तळाचा शब्द ऊबदार, वरचा औपचारिक. 'मॅटर्नल अंकल' म्हणजे मामा. 'मदरली अंकल' म्हटलंत तर आईसारखी माया लावणारा काका होईल! बायोडेटात आणि अर्जात वरचे थर वापरा, मित्राला लिहिताना तळाचे. आजारी मित्राला पाठवलेल्या संदेशात 'इन्डिस्पोज्ड' बघितलं की मला सरकारी लिफाफ्याचा वास येतो.

आपल्याकडच्या इंग्रजीने काही शब्दांना वेगळेच कपडे चढवले आहेत, तेही लक्षात असू द्या. लग्नाच्या जाहिरातींत 'होमली' म्हणजे घरगुती वळणाची मुलगी. अमेरिकेत तोच शब्द माणसाला लावला तर दिसायला बेताची असा अर्थ होतो.

पायरी ६: क्रियाविशेषणांना वेगळी वही

वेगळी वही म्हणालो, कारण यांचे खेळ वेगळे आहेत.

एक, '-ली' लागलं की अर्थ तोच राहतो असं नाही. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो कामाला हातही लावत नाही. शिफारसपत्रात एवढ्या फरकाने माणसाची नोकरी जाईल. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' जवळ, 'निअरली' जवळजवळ. उलट 'फ्रेंडली', 'कॉस्टली', 'टाइमली', 'लाइव्हली' ही दिसायला क्रियाविशेषणं, प्रत्यक्षात विशेषणं.

दोन, जोर देणाऱ्या क्रियाविशेषणांनाही स्वभाव असतो. 'अटरली' अमूलच्या होर्डिंगमुळे आपल्याला लोण्यासारखा गोड वाटतो, पण एरवी तो बहुतेक वाईट संगतीत सापडतो: 'अटरली रिडिक्युलस', 'अटरली यूसलेस'. 'परफेक्टली' चांगल्या संगतीत: 'परफेक्टली सेफ', 'परफेक्टली क्लिअर'. 'डीपली' भावनांबरोबर जातो, 'डीपली ग्रेटफुल', 'डीपली डिसअपॉइंटेड'. 'हायली' शक्यता आणि कौशल्याबरोबर, 'हायली अनलाइकली', 'हायली स्किल्ड'. 'स्ट्राँगली' शिफारस किंवा विरोध करताना. 'बिटरली कोल्ड' म्हणजे कडाक्याची थंडी, 'पेनफुली स्लो' म्हणजे जीव खाणारा संथपणा, 'ब्लिसफुली अनअवेअर' म्हणजे आपल्याच नादात, कशाचाच पत्ता नसलेला.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. मराठी माणूस ढसाढसा रडतो, घटाघटा पाणी पितो, टक लावून बघतो, पाय ओढत चालतो. क्रियापद साधं आणि सगळी गंमत क्रियाविशेषणात. इंग्रजी पुष्कळदा ती गंमत क्रियापदातच भरते: 'सॉब', 'गल्प', 'स्टेअर', 'शफल'. त्यामुळे 'वॉक स्लोली'मधल्या 'स्लोली'ला पर्याय शोधत बसण्यात अर्थ नसतो. रमतगमत असेल तर 'स्ट्रोल', थकूनभागून पाय उचलत असेल तर 'ट्रज'. क्रियाविशेषणाला चांगला समानार्थी शब्द सापडेना, की क्रियापद बदलून पाहा.

एक घर सगळं लावून दाखवतो

शब्द घेतला 'टॉकेटिव्ह', कारण बोलणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. रेघेवर आधी मराठी, स्तुतीकडून निंदेकडे: बोलका, गप्पिष्ट, बोलघेवडा, बडबड्या, वाचाळ, तोंडाळ. आता खाली इंग्रजी. गप्पिष्ट म्हणजे 'चॅटी'. पत्रही 'चॅटी' असू शकतं. 'टॉकेटिव्ह' मध्यभागी. 'लोक्वेशस' तिथेच जवळपास, पण औपचारिक पोशाखात. 'गॅरुलस' म्हणजे बडबड्या, क्षुल्लक गोष्टी तासभर सांगणारा. 'गॅरुलस ओल्ड मॅन' ही ठरलेली जोडी. वर्तमानपत्रांच्या आवडत्या वाचाळवीरांना 'लाउडमाउथ' म्हणतात, पण ते नाम आहे, विशेषणाच्या रकान्यात जाणार नाही. तोंडाळला 'माउथी' चपखल बसतो, फक्त बोलीतला आहे, निबंधात नको. 'व्हर्बोस' म्हणजे पाल्हाळिक, आणि तो लेखनाला किंवा भाषणाला जास्त लागतो.

पान उलटून विरुद्ध बाजूही लावा: मितभाषी आणि जरा घुमा तो 'टॅसिटर्न', हातचं राखून बोलणारा 'रेटिसंट', दोन शब्दांत उत्तर संपवणारा 'लॅकोनिक'. 'लॅकोनिक'चा शेजार 'रिप्लाय'. आणि एक धागा: 'लोक्वेशस', 'एलोक्वंट', 'कलोक्विअल' या तिन्हींच्या पोटात बोलणे या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे. तो एकदा ओळखीचा झाला की अनोळखी शब्दातही तोंड दिसतं.

पायरी ७: पाठांतर, पण एकाच वेळी सगळं नको

वर मी एका झटक्यात नऊ-दहा शब्द सांगितले, ते घर दाखवण्यासाठी. पाठ करताना असं करू नका. अर्थाने जवळचे नवे शब्द एकदम शिकले तर ते डोक्यात एकमेकांत मिसळतात आणि शिकायला उलट जास्त वेळ लागतो, असं टिंकहॅम यांच्या १९९३ च्या आणि वॉरिंग यांच्या १९९७ च्या प्रयोगांत दिसलं. जुळ्या मुलांशी एकाच दिवशी ओळख झाली की कोण राम आणि कोण श्याम हे वर्षभर कळत नाही, तसंच. म्हणून एका दिवशी पाच वेगवेगळ्या घरांतला एकेक शब्द घ्या: सोमवारी 'गॅरुलस', 'फ्रूगल', 'गाँट', 'फिल्दी' आणि 'डीपली'. 'लोक्वेशस' पुढच्या आठवड्यात, 'गॅरुलस' पक्का झाल्यावर. बाजारातली बहुतेक पुस्तकं नेमकी याच्या उलट रचलेली असतात.

उजळणीसाठी चपलांचा रिकामा खोका आणि पुठ्ठ्याचे चार आडवे तुकडे पुरतात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली ही युक्ती लोकप्रिय केली. खोक्याचे पाच कप्पे करा. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा. नवं कार्ड पहिल्यात. उत्तर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने काढायचा. मोबाइलवर हवं असेल तर 'अँकी' हे ॲप हेच काम करतं. मला स्वतःला खोका बरा वाटतो. मोबाइल हातात घेतला की व्हॉट्सॲप आधी उघडतं.

कार्डावर एका बाजूला 'गॅरुलस' आणि दुसऱ्या बाजूला 'टॉकेटिव्ह' असं लिहिलंत तर वरची सगळी मेहनत पाण्यात. पुढे प्रसंग लिहा: 'एसटीत शेजारी बसलेले आजोबा स्वारगेटपासून साताऱ्यापर्यंत आपल्या म्हशीबद्दल बोलत होते.' मागे शब्द, त्याचा शेजार, रेघेवरची जागा आणि तुम्ही स्वतः रचलेलं एक वाक्य.

पायरी ८: वापर, आणि परीक्षेतली चाल

दर रविवारी पहिल्या पायरीतल्या जुन्या लिखाणातलं एक पान पुन्हा लिहा. सगळे शब्द बदलायचे नाहीत. पानात चार-पाच ठिकाणी, जिथे जुना शब्द खरोखर कमी पडतो तिथेच. 'गुड' हा वाईट शब्द नाही. वाक्य मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर शेजार चुकलाय, परत डिक्शनरी.

परीक्षेत वेळ नसतो, तेव्हा तीन गोष्टी झटपट बघा. दिलेला शब्द रेघेच्या कुठल्या बाजूचा आहे? विरुद्ध बाजूचे पर्याय लगेच खोडा. 'नोटोरिअस'ला 'एमिनंट' कधीच चालणार नाही, दोघेही प्रसिद्ध असले तरी. मग शब्दाची जात जुळते का पाहा, विशेषणाला विशेषणच. उरलेल्या दोघांना वाक्यात बसवून शेजार तपासा. वाक्य दिलं नसेल तर मनात एक रचा. कार्डावर प्रसंग लिहिला असेल तर तो आयताच आठवतो.

सुरुवात कुठून करायची असं मुलं विचारतात तेव्हा मी 'व्हेरी इम्पॉर्टंट'पासून सांगतो, कारण प्रत्येकाच्या वहीत तो असतोच. 'क्रूशल' आणि 'डिसिजन', 'व्हायटल' आणि 'ऑर्गन', 'सिग्निफिकंट' आणि 'इन्क्रीज', 'मोमेंटस' आणि 'ऑकेजन'. चार शब्द, चार शेजारी. पण आज त्यातला एकच घ्या, आणि बाकीची चार कार्डं दुसऱ्या घरांची.